पहिल्या स्क्रीनवर काय लिहिले आहे? उबुंटू, मिंट, फेडोरा आणि डेबियन यांच्या सुरुवातीच्या मेनूंचे परीक्षण

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. तेव्हापासून इंदूरच्या रामबाग, नारायणबाग आणि लोकमान्य नगर या आमच्या मराठी वस्त्यांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो: टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही म्हणून विंडोज ११ घेत नाही, पण एरवी धडधाकट चालतो, असा लॅपटॉप मोडीत काढायचा की त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली चालवून पाहायची? आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये विचारले तर दुकानागणिक निराळे उत्तर मिळते. लिनक्सची मोठी सोय अशी की ते पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, पूर्ण चालवून पाहता येते. आवडले तर ठेवावे, नाही तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि आपल्या जुन्या विंडोजमध्ये परत यावे. ओळखीच्यांना असे पेनड्राइव्ह तयार करून देण्याचे काम मी हौसेने करतो, आणि त्या निमित्ताने माणसे नेमकी कोठे थबकतात हे जवळून पाहायला मिळते. बहुतेक जण डेस्कटॉप दिसल्यावर अडत नाहीत. ते त्याच्या आधी, अगदी पहिल्या स्क्रीनवर, चार-पाच ओळींचा मेनू समोर येतो तेथे अडतात.

म्हणून हे परीक्षण त्या पहिल्या स्क्रीनपुरतेच आहे. कोणती प्रणाली वेगवान, कोणती देखणी, कोणात प्रिंटर चटकन चालतो, हे येथे पाहिलेले नाही. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा वर्कस्टेशन आणि डेबियनची लाइव्ह (पेनड्राइव्हवरून चालणारी) आवृत्ती या लिनक्सच्या चार प्रकारांच्या सुरुवातीच्या मेनूतील ओळी नवख्या माणसाला कितपत उमगतात, एवढाच प्रश्न घेतला आहे. माझी कसोटीही एकच आहे. आमच्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका मिंटच्या मेनूसमोर बसल्या असताना त्यांनी बाणाच्या कळीवरचे बोट उचलून मला विचारले होते, "अरे, यातलं कोणतं दाबलं की माझे फोटो जातील, तेवढं आधी सांग." नवख्या माणसाला पहिल्या स्क्रीनकडून हेच उत्तर हवे असते. ते ज्या मेनूत मिळते तो चांगला, आणि जेथे ते शोधावे लागते तेथे बाकी कितीही नीटनेटकेपणा असला तरी मेनू अपुरा.

आधी त्या स्क्रीनची चौकट पाहू, कारण ती या चारही प्रणालींत थोडीफार सारखीच असते. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर हा मेनू ग्रब नावाचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, दाखवतो. उबुंटूत वरच्या बाजूला मध्यभागी "जीएनयू ग्रब व्हर्जन" आणि पुढे आकडा दिसतो. ज्याने उबुंटू म्हणून पेनड्राइव्ह आणला त्याला सर्वांत वर उबुंटूचे नाव न दिसता एक अनोळखी नाव आणि एक आवृत्ती क्रमांक दिसतो, आणि आपण चुकीचे काही लावले की काय अशी शंका त्याला तेथेच येते. खाली मदतीची ओळ असते. तिचा आशय असा: वरखाली बाणांनी ओळ निवडा, एंटर दाबून निवडलेली प्रणाली सुरू करा, आज्ञा बदलायच्या असतील तर ई दाबा, आणि कमांड लाइन हवी असेल तर सी दाबा. यातला पहिला अर्धा भाग उपयोगाचा आहे. दुसरा अर्धा भाग जाणकारांसाठी आहे आणि तो नेमका नवखा माणूस मदत शोधतो त्याच जागी छापलेला आहे. कुतूहलाने सी दाबले की मेनू नाहीसा होतो आणि काळ्या स्क्रीनवर ग्रब हा शब्द व लुकलुकणारा कर्सर उरतो. तेथून एस्केप दाबून परत मेनूवर येता येते, पण ही गोष्ट त्या माणसाला ऐनवेळी ठाऊक असावी अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

त्याखाली सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. निवडलेली ओळ इतक्या सेकंदांत आपोआप "एक्झिक्यूट" होईल, असे ती सांगते. फेडोरात ही मुदत ६० सेकंदांची असते, उबुंटूत ३०. मुदत असणे चांगलेच आहे, कारण ज्याला काहीच कळले नाही तोही शेवटी डेस्कटॉपपर्यंत पोहोचतो. मात्र काहीतरी आपोआप होणार आहे आणि ते काय होणार हे नीट कळलेले नाही, या अवस्थेत माणूस घाईने कुठलीतरी कळ दाबतो. पहिली ओळ निःसंदिग्ध असेल तर ही मोजणी त्रास देत नाही. ती ओळ संदिग्ध असेल तर हीच मोजणी दडपण बनते. त्यामुळे सगळा भार पहिल्या ओळीवर येतो.

पहिल्या ओळीच्या बाबतीत उबुंटूचा इतिहास सर्वांत बोलका आहे. जून २००६ मधील ६.०६ या आवृत्तीत एकाच सीडीवरून चालवून पाहण्याची आणि डेस्कटॉपवरून इन्स्टॉल करण्याची सोय आली, आणि मेनूची पहिली ओळ होती "स्टार्ट ऑर इन्स्टॉल उबुंटू". सुरू करणे आणि इन्स्टॉल करणे ही दोन अगदी भिन्न परिणामांची कामे एका ओळीत बांधलेली होती. एप्रिल २००८ च्या ८.०४ मध्ये ती ओळ बदलली आणि तिच्या जागी आली "ट्राय उबुंटू विदाउट एनी चेंज टू युअर कम्प्यूटर". तिच्याखाली, वेगळ्या ओळीवर, "इन्स्टॉल उबुंटू". माझ्या मते सुरुवातीच्या मेनूत लिहिली गेलेली ही सर्वांत चांगली ओळ आहे. तुमच्या संगणकात कोणताही बदल न करता उबुंटू वापरून पाहा, असे ती म्हणते. त्यात कर्नल (प्रणालीचा गाभा) नाही, लाइव्ह नाही, सेशन नाही. माणसाला जे करायचे आहे ते पहिल्या शब्दात आहे आणि ज्याची भीती वाटते ते होणार नाही हे उरलेल्या शब्दांत आहे. त्या काळच्या मेनूत भाषांची यादीही मिळत असे आणि निवडलेल्या भाषेत मेनू दिसत असे.

पुढच्या आवृत्त्यांत ही ओळ आखूड होऊन "ट्राय उबुंटू विदाउट इन्स्टॉलिंग" झाली. आश्वासन थोडे पातळ झाले, कारण इन्स्टॉल न करणे म्हणजे डिस्कला धक्का न लागणे, हा दुवा वाचणाऱ्याने स्वतः जोडायचा होता; तरीही चालवून पाहणे आणि इन्स्टॉल करणे या दोन ओळी वेगळ्या राहिल्या. त्याच वर्षांत जुन्या बायोसच्या (संगणक चालू होताच प्रथम चालणाऱ्या, यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रामच्या) संगणकांवर एक विचित्र प्रकार होता. मेनू आधी दिसतच नसे. रिकाम्या जांभळ्या स्क्रीनच्या तळाशी काही क्षण एक पांढरे चिन्ह उमटे: कीबोर्ड, मग बरोबरची खूण, मग वर्तुळातील माणूस. त्या चिन्हाचा अर्थ असा की आत्ता कळ दाबा, म्हणजे भाषा आणि पर्याय मिळतील. हे चिन्ह पाहून कोणी आपणहून कळ दाबल्याचे मी पाहिलेले नाही. शब्द टाळून चित्र दिले की सर्व भाषांच्या लोकांना कळते, हा विचार चांगल्या हेतूचा असला तरी येथे तो साफ फसला होता.

२०.०४ मध्ये पहिली ओळ नुसती "उबुंटू" अशी उरली, आणि २२.०४ पासून ती झाली "ट्राय ऑर इन्स्टॉल उबुंटू". म्हणजे २००६ मध्ये जेथून निघाले तेथेच सोळा वर्षांनी परत आले. याचे तांत्रिक कारण समजण्यासारखे आहे. आता दोन्ही मार्ग एकाच डेस्कटॉपवर जातात, आणि चालवून पाहायचे की इन्स्टॉल करायचे हा प्रश्न तेथे खिडकीत विचारला जातो. २२.०४ च्या त्या खिडकीत आश्वासनही आहे की तुमच्या संगणकात काही बदल न करता तुम्ही उबुंटू वापरून पाहू शकता. म्हणजे योग्य वाक्य त्यांच्याकडे आहे, फक्त ते एक पायरी उशिरा येते. जो माणूस "इन्स्टॉल" हा शब्द वाचून मेनूवरच थांबला, त्याला ती खिडकी कधी दिसतच नाही. त्याला वाटते की ही ओळ दाबली की प्रणाली स्वतःहून डिस्कवर बसेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, पण ओळ वाचून तसे वाटणे हा वाचणाऱ्याचा दोष म्हणता येणार नाही. याच उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क पुसण्याच्या पर्यायाखाली स्पष्ट लिहिलेले असे की सर्व प्रणालींतील तुमचे प्रोग्राम, दस्तऐवज, फोटो, गाणी आणि इतर सर्व फाइली नाहीशा होतील. फोटो हा शब्द तेथे होता. इतके माणसासारखे लिहिणाऱ्यांना पहिल्या स्क्रीनवर एक आश्वासक ओळ लिहिणे जड नाही.

लिनक्स मिंटची पहिली ओळ "स्टार्ट लिनक्स मिंट" अशी, पुढे आवृत्ती आणि डेस्कटॉपचे नाव. चारही प्रणालींत नवख्याला मी पहिल्यांदा मिंटच देतो, आणि त्याचे एक कारण ही ओळ आहे. तिच्यात इन्स्टॉल हा शब्द नाही. सुरू करा, एवढेच ती सांगते, आणि दाबल्यावर खरोखर तेवढेच होते. इन्स्टॉल करण्याचे चिन्ह पुढे डेस्कटॉपवर स्वतंत्रपणे ठेवलेले असते. ओळीत घाबरवणारे काही नाही, मात्र धीर देणारेही काही नाही. वर सांगितलेल्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न याच ओळीसमोर आला होता. फोटो जाणार नाहीत, हे ओळ सांगत नव्हती, म्हणून ते मला सांगावे लागले. मी जवळ नसतो तर त्या उठून गेल्या असत्या, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच ठरले असते.

मिंटच्या आणि उबुंटूच्या २२.०४ सारख्या आवृत्तीच्या मेनूत "ओईएम इन्स्टॉल" अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे उत्पादकांसाठी असा खुलासा असतो. हा पर्याय फार कामाचा आहे. आमच्याकडे जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारे दुकानदार तो वापरू शकतात: प्रणाली तात्पुरत्या खात्याने बसवायची, सर्व तपासून पाहायचे, आणि मग ग्राहकाने पहिल्यांदा सुरू केल्यावर त्याला स्वतःचे नाव व पासवर्ड विचारला जाईल अशी तजवीज करून यंत्र हवाली करायचे. पण घरी चालवून पाहणाऱ्यासाठी ही ओळ पहिल्या स्क्रीनवर असण्याची गरज नाही. ती एका आतल्या मेनूत गेली असती तर दुकानदाराला ती तेथेही सापडली असती.

आता या मेनूंतील सर्वांत महत्त्वाच्या दुसऱ्या ओळीकडे येतो. काही लॅपटॉपवर, विशेषतः ज्यांत एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड आहे अशांवर, पहिली ओळ निवडल्यावर स्क्रीन काळी होते आणि काळीच राहते. माणसाला वाटते संगणक बिघडला. वास्तविक प्रणाली मागे चालू असते, फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या कार्डाशी जुळत नाही. त्यावरचा उपाय मेनूतच ठेवलेला आहे, पण त्याची नावे पाहा. उबुंटूत "सेफ ग्राफिक्स", मिंटमध्ये "कम्पॅटिबिलिटी मोड", फेडोरात "बेसिक ग्राफिक्स मोड", तोही "ट्रबलशूटिंग" नावाच्या आतल्या मेनूत, आणि डेबियनमध्ये "फेल-सेफ मोड". उबुंटू आणि फेडोरा यांच्या पर्यायांत मुख्यतः कर्नलला नोमोडसेट ही सूचना दिली जाते. तिच्यामुळे कर्नल ग्राफिक्सचा ताबा स्वतःकडे न घेता फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रामने) ठरवलेल्या साध्या चित्रावर काम भागवतो. डेबियनचा फेल-सेफ मात्र निराळा आहे: त्यात नोएसएमपी आणि नोएपिक यांसारख्या सूचना असतात, ज्यांमुळे प्रोसेसरचा एकच कोअर वापरला जातो आणि इतरही काही गोष्टी बंद होतात. एका प्रणालीवर सेफ निवडून काम झाले म्हणून दुसरीवर फेल-सेफ निवडावे, तर परिणाम वेगळा. नावांवरून हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

ही चारही नावे उपायाची आहेत, आणि नवख्याजवळ फक्त लक्षण असते. त्याला कम्पॅटिबिलिटी कोणाची कोणाशी हे ठाऊक नाही, पण स्क्रीन काळी राहिली हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ओळ लक्षणापासून सुरू झाली पाहिजे: स्क्रीन काळी राहिल्यास किंवा चित्र विस्कटल्यास येथून सुरू करा. "सेफ" या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. अनेकांना वाटते की सेफ म्हणजे माझ्या फाइली सुरक्षित, आणि म्हणून वरची ओळ असुरक्षित. मग ते पहिल्याच फेरीत सेफ निवडतात, त्यांना कमी रेझोल्यूशनचा, संथ डेस्कटॉप मिळतो, आणि लिनक्स असेच दिसते असा समज करून घेऊन ते पेनड्राइव्ह परत करतात. प्रणालीविषयीचे त्यांचे मत असे एका शब्दामुळे बिघडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फेडोराने एके काळी या बाबतीत चांगला मार्ग धरला होता. जुन्या बायोसच्या संगणकांवर तेव्हा सिसलिनक्स या दुसऱ्या बूटलोडरच्या घराण्यातील मेनू असे, आणि त्या मेनूत निवडलेल्या ओळीखाली छोटा मजकूर दाखवण्याची सोय आहे. फेडोरा तिचा उपयोग करून बेसिक ग्राफिक्सच्या ओळीखाली लिहीत असे की फेडोरा सुरू होताना अडचण येत असेल तर हा पर्याय वापरून पाहा. ग्रबच्या साध्या मेनूत अशी तळओळ दिसत नाही, त्यामुळे जे काही सांगायचे ते त्या एकाच ओळीत सांगावे लागते. मेनू लिहिणाऱ्यांची ही अडचण खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. पण एका ओळीतही ऐंशीच्या आसपास अक्षरे मावतात, आणि "स्क्रीन काळी राहिल्यास" एवढे सांगायला ती पुरेशी आहेत.

फेडोराची पहिली ओळ "स्टार्ट" ने सुरू होते आणि दुसरी "टेस्ट धिस मीडिया अँड स्टार्ट" ने. आपोआप निवडलेली असते ती दुसरी. म्हणजे काहीच न करणाऱ्याचा पेनड्राइव्ह आधी तपासला जातो आणि मग प्रणाली सुरू होते. हा निर्णय मला अतिशय पटतो, कारण अर्धवट डाउनलोड झालेली किंवा नीट न लिहिली गेलेली प्रत हे नवख्यांच्या अपयशाचे मोठे कारण असते, आणि ते त्यांना कधीच उमगत नाही. तपासणी चालू असताना टक्केवारी दिसते आणि एस्केप दाबून ती सोडताही येते. मांडणी मात्र गोंधळाची आहे. उजळलेली ओळ दुसरी पाहून माणसाला वाटते की आपलाच हात लागून बाण खाली गेला, आणि तो पुन्हा वर जाऊन तपासणी टाळतो. तपासणीची ओळ वर ठेवली असती आणि मीडियाऐवजी पेनड्राइव्ह असे लिहिले असते, तर हा चांगला निर्णय पूर्ण पदरात पडला असता. उबुंटूने २०.०४ पासून तपासणी मेनूतून काढून सुरुवातीलाच आपोआप सुरू केली. कंट्रोल आणि सी एकत्र दाबून ती थांबवता येते. नवख्याच्या दृष्टीने तो मार्ग अधिक सोपा आहे.

मेमरी टेस्टची ओळ जवळपास सर्वत्र आढळते आणि तिच्याविषयी आपल्याकडे एक खास गैरसमज होतो. आपल्या रोजच्या बोलण्यात मेमरी म्हणजे फोनमधली जागा किंवा मेमरी कार्ड. मोबाइलची मेमरी फुल झाली, असे आपण दिवसभर ऐकतो. त्यामुळे टेस्ट मेमरी वाचून लोकांना वाटते की येथे पेनड्राइव्ह तपासला जाईल, किंवा लिनक्ससाठी डिस्कवर पुरेशी जागा आहे का ते कळेल. प्रत्यक्षात ही रॅमची, म्हणजे काम चालू असतानाच्या तात्पुरत्या स्मृतीची, चाचणी आहे आणि मेमटेस्ट८६+ हा स्वतंत्र प्रोग्राम ती करतो. निळ्या स्क्रीनवर आकडे फिरत राहतात आणि आपण थांबवेपर्यंत फेऱ्या चालूच राहतात. लोक तासभर वाट पाहत बसतात. "रॅममधील दोष शोधा, वेळ लागतो" एवढे लिहिले तरी पुरे.

डेबियन १२ च्या लाइव्ह आवृत्तीतील पहिली ओळ "लाइव्ह सिस्टिम" आणि तिच्यापुढे एएमडी६४. येथे मला सर्वांत अधिक तक्रार आहे, कारण प्रणाली म्हणून डेबियनविषयी मला फार आदर आहे. ज्याच्या लॅपटॉपवर इंटेलचा स्टिकर आहे तो एएमडी हा शब्द वाचतो आणि हा पेनड्राइव्ह आपल्या यंत्रासाठी नाही असे समजून संगणक बंद करतो. त्याचा तर्क समजण्यासारखा आहे. ६४ बिटांची ही रचना प्रथम एएमडीने आखली, पुढे इंटेलनेही ती स्वीकारली, आणि डेबियनने तिचे मूळ नाव कायम ठेवले, हा इतिहास पहिल्या स्क्रीनवर कोणाला ठाऊक असणार? शिवाय लाइव्ह हा शब्दही नवख्यासाठी रिकामा आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणाखेरीज त्याने तो ऐकलेला नसतो.

डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमधील एक बाब मराठी वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. त्याच्या मेनूत "ग्राफिकल इन्स्टॉल" आणि "इन्स्टॉल" अशा दोन ओळी एकाखाली एक असतात. दिसायला फरक केवळ देखणेपणाचा वाटतो, आणि जुना लॅपटॉप असलेला माणूस साधी ओळ हलकी असेल म्हणून दुसरी निवडतो. पण डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत उपलब्ध आहे, आणि भाषांच्या यादीत मराठी मिळते ती ग्राफिकल मार्गाने गेल्यावर. साध्या अक्षरांच्या इन्स्टॉलरची यादी लहान असते आणि तिच्यात मराठी येत नाही. म्हणजे इंग्रजीतील दोन ओळींपैकी एक निवडतानाच आपण नकळत मराठीला नकार देऊन बसतो. "ग्राफिकल" च्या जागी "अधिक भाषांसह" असे काही असते तर किती जणांनी आपल्या भाषेत पुढची वाट धरली असती!

परत जाण्याची ओळ हा या सर्व मेनूंतील दुर्लक्षित कोपरा आहे. ज्याने मेनू पाहून आज नको असे ठरवले, त्याला आपल्या विंडोजकडे जायचे असते. त्यासाठी कोठे "बूट फ्रॉम लोकल ड्राइव्ह", कोठे "बूट फ्रॉम नेक्स्ट व्हॉल्यूम" असे लिहिलेले असते. व्हॉल्यूम म्हणजे आवाज, असे समजणारे मी पाहिले आहेत. या ओळीचा साधा अर्थ, संगणकात आधीपासून असलेली प्रणाली सुरू करा, असा आहे, आणि तो तसाच लिहिला तर घाबरलेल्या माणसाला दार दिसते. बाहेर पडण्याचे दार दिसले की आत पाऊल टाकण्याचे धैर्यही अधिक होते, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

या बाबतीत सर्वांत चांगला नमुना मला विंडोज १० च्या निळ्या दुरुस्ती-स्क्रीनवर सापडतो, आणि लिनक्सवाल्यांनी तो मोकळ्या मनाने पाहावा. तेथे "कंटिन्यू" या शब्दाखाली लहान अक्षरांत लिहिलेले असते की बाहेर पडून विंडोज १० कडे जा. पुढे संगणक रीसेट करण्याच्या दोन पर्यायांखालीही परिणाम लिहिलेला असतो: एकात ॲप आणि सेटिंग जातात पण वैयक्तिक फाइली राहतात, दुसऱ्यात वैयक्तिक फाइलींसह सर्व जाते. वर कामाचे नाव, खाली त्याचा परिणाम. इतकी साधी रीत आहे.

आश्वासन लिहिताना ते अचूकही असले पाहिजे, हे येथे सांगायला हवे. पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली स्वतःहून तुमच्या फाइली बदलत नाही, पण तिच्या फाइल मॅनेजरमधून विंडोजचा विभाग उघडता येतो आणि कोणी हाताने फाइल खोडली तर ती जाते. काली लिनक्समध्ये यासाठी फॉरेन्सिक मोड नावाची खास ओळ आहे, जिच्यात आतली डिस्क आपोआप जोडली जात नाही आणि तिच्यावरची स्वॅप नावाची, रॅमला जोड देणारी जागाही वापरली जात नाही. तपासाचे काम करणाऱ्यांना तेवढी काटेकोर हमी लागते. घरगुती माणसाला "तुम्ही इन्स्टॉल निवडेपर्यंत डिस्कवरील काही पुसले जाणार नाही" ही हमी पुरेशी आणि खरी आहे. तिच्याबरोबर दुसरे सत्यही हवे: येथे केलेले काम संगणक बंद केल्यावर राहणार नाही. लिबरऑफिसमध्ये सोसायटीचे सबंध इतिवृत्त टंकून, ते डेस्कटॉपवर जतन करून, संगणक बंद केलेल्या एका गृहस्थांचे दुःख मी पाहिले आहे. पहिल्या ओळीने त्यांना आधी सावध करायला हवे होते.

हे मेनू बदलण्याची वाट न पाहता करण्याजोगे एक काम आहे. रुफससारख्या साधनाने आयएसओ पद्धतीत (फाइली सुट्या उतरवून) पेनड्राइव्ह तयार केला, तर उबुंटू, मिंट आणि डेबियनच्या बूट फोल्डरमधल्या ग्रब फोल्डरात ग्रब डॉट सीएफजी ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडता येते. प्रत्येक पर्याय तेथे मेनूएंट्री या शब्दाने सुरू होतो आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत जे लिहिले आहे तेच स्क्रीनवर दिसते. अवतरणांतील मजकूर तेवढा बदलावा, खालच्या आज्ञांना हात लावू नये. मी पहिल्या ओळीत सोप्या इंग्रजीत "पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, तुमच्या फाइली आहेत तशा राहतील" या अर्थाचे लिहितो, दुसऱ्या ओळीत काळ्या स्क्रीनचा उल्लेख करतो आणि ओईएमची ओळ काढून टाकतो. आमच्या भागातील ज्येष्ठांना इंग्रजी वाचता येते. ओळीने सांगायला हवे ते सांगितलेले नसते, एवढीच अडचण असते. पेनड्राइव्हबरोबर मराठीत एक चिठ्ठीही देतो, तिच्यावर कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपवर कोणती कळ दाबून मेनूपर्यंत यायचे ते असते: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप.

उबुंटूच्या बाबतीत मात्र एक परिणाम ध्यानात ठेवावा. फाइल बदलल्यामुळे सुरुवातीची आपोआप होणारी तपासणी एका फाइलमध्ये त्रुटी सापडल्याचा संदेश दाखवते. ती त्रुटी म्हणजे आपण बदललेली तीच ग्रब फाइल असते आणि प्रणाली नेहमीप्रमाणे सुरू होते, पण एकापेक्षा अधिक फाइलींत त्रुटी दाखवल्यास पेनड्राइव्ह पुन्हा तयार करावा, असे मी त्या चिठ्ठीवर आवर्जून लिहितो.